आज्ञा पाळण्याआधी बोलण्याची रीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धर्मगुरूंच्या बदल्या जाहीर झाल्या की काही धर्मग्रामांत (एका चर्चशी जोडलेल्या वस्त्यांत) दोन आवाज एकदम उठतात. एकीकडे सह्यांचे कागद फिरू लागतात आणि ‘आमचे फादर आम्हाला हवेतच’ म्हणून फलक लागतात. दुसरीकडे ‘बिशपांनी ठरवलं ना, मग आता तोंड उघडायचं नाही’ असा दम भरला जातो. दोन्ही बाजू धर्माचेच नाव घेतात. कॅथलिक परंपरेत आज्ञाधारकपणाला जे स्थान आहे ते या दोन्हींत दिसत नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक भेद स्पष्ट हवा, कारण निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात. धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाचा धर्मगुरू, व्रतस्थ सिस्टर किंवा ब्रदर आणि संसारी ख्रिस्ती माणूस, या तिघांचे आज्ञापालन एकाच प्रकारचे नाही. धर्मगुरू दीक्षाविधीत बिशपांपुढे गुडघे टेकतो, जोडलेले हात त्यांच्या हातांत देतो आणि ‘मला आणि माझ्यानंतर येणाऱ्या बिशपांना आदर व आज्ञाधारकपणा देण्याचे वचन देतोस का’ या प्रश्नाला होकार देतो. ते वचन एका माणसाच्या मर्जीला दिलेले नसते. नंतर येणाऱ्यांचा उल्लेख त्याचसाठी असतो, आणि आवडता बिशप गेला, नावडता आला म्हणून ते सैल होत नाही. सिस्टरांचे आणि ब्रदरांचे ते व्रत असते, आणि ते आपल्या संस्थेच्या नियमावलीला बांधलेले असते. नियमावलीला धरून आज्ञा देणारे वरिष्ठ देवाच्या जागी मानायचे, असे चर्चच्या कायदासंहितेचे कलम ६०१ सांगते. त्यातले ‘नियमावलीला धरून’ हे शब्द पुष्कळदा गाळले जातात. संसारी माणसाने यातले काहीच दिलेले नसते. त्याच्यावर बाप्तिस्म्याने येणारी जबाबदारी आहे: श्रद्धेच्या शिकवणीत आणि चर्चच्या कारभारात मेंढपाळांचे, म्हणजे बिशप-धर्मगुरूंचे ऐकायचे. त्यामुळे ‘फादर सांगतील त्या पक्षाला मत द्या’ किंवा ‘फादर सांगतील त्या घरी मुलगी द्या’ हे आज्ञापालनात बसत नाही. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले आहे की हाताखालचा माणूस सर्व बाबतींत बांधलेला नसतो. त्याहून वरच्या अधिकाराची आज्ञा वेगळी असेल, किंवा वरिष्ठाचा ज्यावर अधिकारच नाही अशी गोष्ट तो सांगत असेल, तर पाळण्याचा प्रश्न येत नाही.

सध्याची कायदासंहिता २५ जानेवारी १९८३ रोजी जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ नोव्हेंबरपासून लागू झाली. तिचे कलम २१२ प्रत्येक धर्मग्राम परिषदेच्या पहिल्या बैठकीत मोठ्याने वाचावे, असे आमचे मत आहे. त्याचे तीन भाग आहेत. पहिला: मेंढपाळ श्रद्धेचे शिक्षक म्हणून जे सांगतात आणि चर्चचे प्रशासक म्हणून जे ठरवतात ते श्रद्धावंतांनी ख्रिस्ती आज्ञाधारकपणे मानावे. दुसरा: आपल्या गरजा, विशेषतः आध्यात्मिक गरजा, आणि आपल्या इच्छा मेंढपाळांना कळवायला ते मोकळे आहेत. तिसरा भाग फार थोड्यांना ठाऊक असतो. आपले ज्ञान, पात्रता आणि मान यांच्या प्रमाणात चर्चच्या हिताबद्दलचे मत मेंढपाळांपुढे मांडण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे, आणि कधी कधी ते कर्तव्यही असते. त्याला मर्यादा आहेत: श्रद्धा आणि नीती अबाधित राहावी, मेंढपाळांविषयी आदर असावा, सर्वांचे हित आणि माणसांची प्रतिष्ठा डोळ्यांपुढे असावी. पहिला भाग वाचून थांबणारे गप्प बसतात, तिसराच वाचणारे फलक लावतात. कलम मात्र एकच आहे.

आता बदलीचे पाहू. धर्मगुरूचा ठरलेला कार्यकाळ संपला असेल तर बिशपांनी ते लेखी कळवले की पद सुटते, तिथे फारसा वाद उरत नाही. कार्यकाळ चालू असताना आत्म्यांच्या हितासाठी किंवा चर्चच्या गरजेसाठी दुसरीकडे पाठवायचे असेल, तर १७४८ ते १७५२ ही कलमे लागतात. बिशप लेखी प्रस्ताव देतात आणि देवाच्या व आत्म्यांच्या प्रेमाखातर तो स्वीकारावा असा सल्ला देतात. धर्मगुरूला जायचे नसेल तर त्याने कारणे लेखी द्यायची. त्यानंतरही बिशपांचे मत बदलले नाही तर त्यांनी एकट्याने पुढे जायचे नसते. त्यासाठी नेमलेल्या धर्मगुरूंपैकी दोघांना बरोबर घेऊन बाजूच्या आणि विरुद्ध कारणांचा विचार करायचा. तरीही बदली हवीच असे ठरले तर पुन्हा एकदा पित्याप्रमाणे समजावायचे, आणि एवढे करूनही नकार आला तरच आदेश काढायचा. या प्रकरणाचे, आणि साऱ्या संहितेचेही, शेवटचे कलम सांगते की आत्म्यांचे तारण हा चर्चमधला सर्वोच्च कायदा आहे. म्हणजे आज्ञा देणाऱ्यालाही दोनदा विचारायला, ऐकायला आणि थांबायला लावले आहे.

ज्याला आदेशाने अन्याय झाला असे वाटते त्याला दाद मागता येते, पण मुदती आखूड आहेत आणि त्या चुकल्यामुळेच बरीच प्रकरणे बाद होतात. आदेश हातात पडल्यापासून १० दिवसांत ज्यांनी तो काढला त्यांनाच लेखी विनंती करायची, की तो मागे घ्या किंवा दुरुस्त करा. त्यांना उत्तराला ३० दिवस मिळतात. उत्तर नकाराचे आले किंवा ३० दिवस तसेच गेले, तर पुढच्या १५ दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येते. बिशपांच्या आदेशाविरुद्ध वरचा अधिकारी म्हणजे रोममधला संबंधित विभाग. अर्जदाराचे १० आणि १५ दिवस मोजताना ज्याला आपल्या हक्काची माहिती नव्हती किंवा ज्याला हालचाल करणेच शक्य नव्हते त्याचे ते दिवस धरले जात नाहीत, पण या सवलतीवर कोणी विसंबू नये. पहिली पायरी गाळून थेट रोमला ईमेल पाठवणे ही सगळ्यांत जास्त आढळणारी चूक. तिथून कागद बहुधा परत येतो आणि तोवर १० दिवस उलटलेले असतात.

सह्यांच्या मोहिमेबद्दलही हेच. चर्चने कायदेशीर व्यक्ती म्हणून मान्यता न दिलेला गट गट म्हणून दाद मागू शकत नाही, असा अधिकृत खुलासा १९८७ साली झाला. व्यक्ती मागू शकतात, एकेकट्या किंवा मिळून, पण प्रत्येकाला खरोखर काही हानी झालेली असली पाहिजे. म्हणून ‘समस्त ग्रामस्थ’ अशा सहीच्या चार पानी पत्रापेक्षा तिघांनी आपापल्या नावाने लिहिलेले एक एक पान जास्त उपयोगी पडते. एका पानात एकच मागणी. तारखा, घटना, सोबत कागदाची प्रत. ‘सगळे म्हणतात’ असले वाक्य नको, जे स्वतः पाहिले तेच. विशेषणे खोडून टाकावीत. निनावी पत्र तर लिहूच नये. ते मिळणाऱ्याला तपासता येत नाही, लिहिणाऱ्याला जबाबदार धरता येत नाही, आणि खरी तक्रारही त्यामुळे संशयात पडते. कोणाच्याही चांगल्या नावाला अन्यायाने धक्का लावू नये असे कलम २२० म्हणते. व्हॉट्सअॅपवर रात्री अकरा वाजता पुढे ढकललेला संदेश या कलमातून सुटत नाही. वडीलधाऱ्यांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय ऐकू नये, असे संत पौलाने तिमथ्याला लिहिले. त्याच पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांसमोर तोंडावर सुनावले, कारण चूक सर्वांसमोर चालली होती आणि तिने इतरही ओढले जात होते.

विनंती कशी करावी याचे सगळ्यांत नेमके मार्गदर्शन येशूसंघाच्या (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाच्या) नियमावलीत आहे, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल, कारण कडक आज्ञापालनासाठी हाच संघ प्रसिद्ध. त्याचे संस्थापक संत इग्नेशियस सांगतात: आपल्याला एखादी गोष्ट हवी किंवा नको वाटली तर आधी प्रार्थनेत थांबावे. मग दोन्ही उत्तरांना मन तयार ठेवून वरिष्ठांपुढे ती मांडावी, तोंडी, किंवा ते विसरू नयेत म्हणून छोट्या चिठ्ठीवर. मांडल्यावर भार त्यांच्यावर सोडावा, पाठपुरावा करून भंडावू नये. काही काळ गेल्यावर गरज खरोखर वाटली तर पुन्हा मांडता येते. यातली ‘दोन्ही उत्तरांना मन तयार’ ही अट सर्वांत कठीण, आणि नम्रता नेमकी तिथे लागते. आवाज खाली ठेवणे, मान झुकवणे हे बाहेरचे झाले. उत्तर आधीच ठरवून विचारायला गेलेला माणूस गोड बोलला तरी तो विनंती करत नसतो.

त्यांच्याहून हजार वर्षे आधी, सहाव्या शतकात, संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. तिचे ६८वे प्रकरण अशक्य वाटणाऱ्या आज्ञेबद्दल आहे. आज्ञा आधी शांतपणे स्वीकारायची. ओझे आपल्या ताकदीबाहेरचे आहे असे दिसले तर योग्य वेळ पाहून, धीराने, गर्व किंवा अडवणूक न करता वरिष्ठांना कारणे सांगायची. त्यानंतरही ते ठाम राहिले तर देवाच्या साहाय्यावर भिस्त ठेवून ती पाळायची. पण हे प्रकरण एकटे वाचले तर अन्याय होतो. त्याच नियमावलीच्या तिसऱ्या प्रकरणात मठाधिपतीला सांगितले आहे की महत्त्वाचे काम निघाले की सर्वांना बोलाव, कारण देव पुष्कळदा लहानालाच चांगले सुचवतो. ६४व्या प्रकरणात म्हटले आहे की गंज खरवडताना भांडे फुटू देऊ नकोस, आणि लोकांनी आपल्याला भ्यावे यापेक्षा आपल्यावर प्रेम करावे असे पाहा. आज्ञा घेणाऱ्याला एक प्रकरण असेल तर देणाऱ्याला इथे दोन-तीन आहेत.

म्हणून अधिकाराच्या बाजूने काय बिघडते तेही लिहिले पाहिजे. चर्चचा फंड थकला म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला अडवणे, लग्नाला आडकाठी करणे, आजाऱ्याला कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) न नेणे ही आज्ञापालन शिकवण्याची पद्धत नाही. योग्य वेळी मागणाऱ्या, योग्य तयारी असलेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला संस्कार नाकारता येत नाहीत (कलम ८४३), आणि गरिबाला गरिबीमुळे त्यांपासून वंचित ठेवता येत नाही (कलम ८४८). घंटेसाठी जमवलेले पैसे मंडपाला वापरता येत नाहीत. देणाऱ्याने ज्या कामासाठी दिले त्याच कामाला ते लागले पाहिजेत, असे कलम १२६७ सांगते. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे सक्तीचे आहे (कलम ५३७). धर्मग्राम परिषद मात्र बिशपांना योग्य वाटले तर असते आणि तिचे मत केवळ सल्ल्याचे असते (कलम ५३६). श्रद्धावंतांनी दिलेल्या पैशांचा हिशेब श्रद्धावंतांपुढे ठेवायचा असतो (कलम १२८७). तेव्हा हिशेब मागणारा बंडखोर नव्हे. चर्चची मालमत्ता सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर महाराष्ट्रात १९५०च्या न्यास कायद्याखाली लेखापरीक्षणही करावे लागते. परिषदेत मत सल्ल्याचे असते याचा अर्थ ते ऐकायचे नसते असा नव्हे. इतिवृत्तात विरुद्ध मत नोंदवायला सांगावे. ते सदस्याचे काम आहे आणि त्यात उद्धटपणा काही नाही. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीच्या किंवा इतर मंडळ्यांत समित्यांची रचना वेगळी, तिथे ही कलमे लागू नाहीत.)

मठांमध्ये आणखी एक ठिकाण जपण्याचे आहे. वरिष्ठांनी सिस्टरांना आपल्यापुढे अंतःकरण उघडे करायला भाग पाडू नये, अशी स्पष्ट मनाई कलम ६३०मध्ये आहे. स्वेच्छेने सांगितले तर गोष्ट वेगळी. कुठल्या कामावर जायचे हे वरिष्ठ सांगू शकतात. आपले मन कोणापुढे उघडायचे हे त्या सांगू शकत नाहीत.

आणि एक जागा अशी आहे की तिथे विनंतीची पायरीही नाही. पापाची आज्ञा ही आज्ञाच नव्हे. ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ हे प्रेषितांनी न्यायसभेपुढे म्हटले ते याच अर्थाने. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर गप्प राहायला सांगणाऱ्या कोणाचेही ऐकायचे नाही, मग तो कितीही वरचा असो. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना ती द्यायलाच हवी. न दिल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद व दंड. चर्चच्या बाजूनेही पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये कायम केलेल्या नियमांनी धर्मगुरू व व्रतस्थांवर अशी माहिती वरिष्ठांना कळवण्याचे बंधन घातले, आणि तक्रार करणाऱ्यावर मौनाची अट घालता येत नाही असे म्हटले. दोन्ही ठिकाणी कळवायचे असते. एकीकडे सांगितले म्हणून दुसरी जबाबदारी सुटत नाही.

आपल्या मातीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढची दोन-तीन वर्षे, चेल्टनहॅमला शिकत आणि संस्कृत शिकवत असताना, त्यांचा वाँटेजच्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद चालला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, अमुक सिद्धान्त प्रश्न न करता मानावेत, हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत अंतिम समजावे, असा आग्रह होता. रमाबाईंनी उत्तर दिले ते असे, की भारतातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, दुसऱ्या पुरोहितांचे प्रत्येक बोलणे परमेश्वराची आज्ञा म्हणून मानून तसेच जोखड पुन्हा घेणार नाही; देवाच्या वचनाचे पालन आणि धर्मगुरूंचे पालन या एक गोष्टी नव्हेत. हे सगळे त्यांनी त्या सिस्टरांनाच लिहिले, त्यांच्या पाठीमागे नव्हे, आणि पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणणे सोडले नाही. नंतर केडगावला मुक्ती मिशनमध्ये आयुष्याच्या शेवटापर्यंत त्या बायबलचे मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी भाषांतर करत राहिल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या. कॅथलिक म्हणून त्यांच्या सगळ्या मतांशी आम्ही सहमत नाही. पण ज्याच्याशी मतभेद त्यालाच, आपल्या नावाने, कारणे देऊन आणि नाते न तोडता लिहिणे ही रीत त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे.

आता बदली ठरली, विनंती करून झाली, उत्तर नकाराचे आले, असे समजू. अशा वेळी काही ठिकाणी लोक मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला जायचे थांबतात किंवा नव्या फादरांच्या स्वागताला पाठ फिरवतात. त्याचा त्रास बिशपांना होत नाही. तो होतो आजाऱ्यांना, पहिल्या कम्युनियनच्या वर्गातल्या मुलांना आणि ज्यांच्या घरी त्या आठवड्यात मयत होते त्यांना. परिषदेने त्या आठवड्यात करायची कामे ठरलेली आहेत. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या मोजून, शेवटच्या नोंदीचा क्रमांक लिहून ताब्यात द्याव्यात. वस्तूंची यादी, म्हणजे कॅलिस (उपासनेतला द्राक्षारसाचा पेला), मॉन्स्ट्रन्स (पवित्र भाकर दर्शनाला ठेवण्याचे पात्र), वस्त्रे, दागिने, जमिनीचे कागद, जुन्या आणि नव्या दोघांसमोर तपासून तिच्यावर सह्या घ्याव्यात. बँकेतली सही बदलण्याचा ठराव करावा. लोकांनी पैसे देऊन सांगितलेल्या पण अजून न झालेल्या मिस्सांची यादी पैशांसह द्यावी, कारण ते देणे जुन्या फादरांबरोबर जात नाही. घरी कम्युनियन नेण्याच्या आजाऱ्यांची नावे, पत्ते आणि कोणाला कोणता दिवस सोयीचा हे वेगळ्या कागदावर लिहून, पहिल्या रविवारच्या आधी नव्या फादरांच्या हातात द्यावे.

आपले,
धर्मग्राम परिषदेच्या कामाशी संबंधित काही वाचक,
वसई, जि. पालघर